हेलिकॉप्टरवाहू नौकेवरून लढाऊ विमान उडेल का?

३ ऑक्टोबर २०२१ रोजी जपानच्या शिकोकू बेटाजवळील समुद्रात 'इझुमो' या युद्धनौकेवर अमेरिकी मरीन दलाची एफ-३५ बी जातीची जेट लढाऊ विमाने सरळ खाली उतरली आणि त्याच पट्टीवरून थोडे अंतर धावून पुन्हा आकाशात झेपावली. जपानी युद्धनौकेवरून स्थिर पंखांच्या लढाऊ विमानाने उड्डाण करण्याचा दुसऱ्या महायुद्धानंतरचा हा पहिलाच प्रसंग होता. वास्तविक 'इझुमो' २०१५ मध्ये जपानी नौदलात दाखल झाली ती पाणबुड्यांचा शोध घेणारी हेलिकॉप्टरे वाहून नेण्यासाठी. अधिकृत दप्तरात तिचा उल्लेखही 'हेलिकॉप्टरवाहू विनाशिका' असाच केला गेला.

तिचे सपाट, सलग उड्डाणक्षेत्र पाहून जगभरच्या निरीक्षकांना पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न पडला होता. जिथे हेलिकॉप्टर उतरते, तिथे हेलिकॉप्टरप्रमाणेच सरळ खाली येणारे लढाऊ विमान का उतरू नये? प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर देताना दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. नौकेवर विमान एकदा उतरवणे ही एक गोष्ट आणि त्या नौकेवरून रोज, आठवडेच्या आठवडे, शस्त्रसज्ज विमाने लढवणे ही दुसरी. पहिली गोष्ट पुष्कळ नौकांना साधेल. दुसरी साधण्यासाठी नौका आतून-बाहेरून बदलावी लागते, आणि तो बदल करताना तिचे मूळ काम काही अंशी सोडून द्यावे लागते.

विमानांचे तीन प्रकार

नौकेवरून विमाने उडवण्याच्या आज तीन पद्धती प्रचलित आहेत. अमेरिका आणि फ्रान्स यांच्या मोठ्या विमानवाहू नौकांवर कॅटापल्ट नावाचे यंत्र विमानाला गोफणीतील दगडासारखे पुढे फेकते, आणि परतलेल्या विमानाच्या शेपटाखालील आकडा पट्टीवरील तारेत अडकून ते थांबते. भारताच्या 'विक्रमादित्य' आणि नव्या 'विक्रांत' या नौकांवर कॅटापल्ट नाही. तेथे विमान स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर धावून पुढच्या टोकाच्या चढावरून उडते. उतरताना मात्र तारांचाच आधार घेते. या दोन्ही पद्धतींना तिरकी अवतरणपट्टी, अडकवण्याच्या तारा आणि ती ओढ सोसणारी भक्कम यंत्रणा लागते. हेलिकॉप्टरवाहू नौकेवर यांपैकी काहीच नसते.

उरते ती तिसरी पद्धत : थोडे धावून उडायचे आणि सरळ खाली उतरायचे. ब्रिटिश बनावटीच्या हॅरियरने ती रूढ केली. तिचे मूळ विमान, पी-११२७, ८ फेब्रुवारी १९६३ रोजी 'आर्क रॉयल' या नौकेवर प्रथम उतरले होते. हॅरियरचे उत्पादन केव्हाच थांबले असून आज नव्याने विकत घेता येईल असे या जातीचे लढाऊ विमान एकच आहे, ते म्हणजे अमेरिकेचे एफ-३५ बी. हेलिकॉप्टरवाहू नौकेचे रूपांतर करू इच्छिणाऱ्या कोणत्याही देशाला त्यामुळे अखेर अमेरिकेच्या दारात जावे लागते. या परावलंबनाचा फटका कसा बसतो, हे तुर्कस्तानच्या उदाहरणात पुढे दिसेल.

सरळ वर का उडत नाहीत?

सरळ खाली उतरणारे विमान सरळ वरही उडू शकेल, मग पट्टीची लांबी कशाला मोजायची, असे सामान्य वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर साध्या वजाबाकीत आहे. सी हॅरियरच्या पेगॅसस इंजिनाचा रेटा सुमारे पावणेदहा टन होता. म्हणजे सरळ वर उठायचे तर विमान, वैमानिक, इंधन आणि शस्त्रे मिळून वजन त्याहून कमीच हवे. तेच विमान थोडे धावून उडाले, तर पंखांची उचलही मदतीला येई आणि सुमारे १२ टनांपर्यंतचे वजन घेऊन ते निघू शके. हा दोन टनांहून अधिक फरक म्हणजेच इंधन आणि शस्त्रे. सरळ वर उडालेले विमान प्रात्यक्षिकात टाळ्या मिळवते. युद्धात मात्र ते फार दूर जात नाही आणि फारसे काही नेतही नाही.

एफ-३५ बी विमानाचे गणितही याच जातीचे आहे. वैमानिकाच्या पाठीमागे एक मोठा उचलपंखा बसवलेला आहे. मुख्य इंजिनाचे तोंड खाली वळते आणि दोन्ही पंखांतून लहान झोत निघतात. या सर्वांचा मिळून रेटा सुमारे १८ टन भरतो. रिकाम्या विमानाचेच वजन साडेचौदा टनांच्या पुढे आहे. सरळ उतरताना शिल्लक इंधन आणि न वापरलेली शस्त्रे यांना जागा उरते ती या दोन आकड्यांमधल्या फरकाची. याउलट थोडे धावून उडताना हेच विमान २७ टनांच्या घरात वजन पेलते. हवा उष्ण असली की इंजिनाचा रेटा घटतो, म्हणून उष्ण कटिबंधातील समुद्रात हा हिशेब अधिकच काटेकोर होतो.

या गणितात नौकेचा वेगही मोलाचा आहे. ३० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ५५ किलोमीटर वेगाने धावणारी नौका दहा नॉटच्या वाऱ्याला सामोरी गेली, तर पट्टीवर उभ्या विमानाच्या पंखांना ताशी ७४ किलोमीटरचा वारा आयताच मिळतो. तेवढी धाव कमी लागते. 'इझुमो'चा वेग ३० नॉट आहे. फ्रान्सच्या 'मिस्त्राल' वर्गातील हेलिकॉप्टरवाहू नौका १९ नॉटच्या आसपास थांबतात. त्यांची लांबीही १९९ मीटरच आहे. दोन्ही नौका दुरून सारख्याच सपाट दिसतात, पण वैमानिकाच्या दृष्टीने त्या एका तोलाच्या नाहीत.

लांबी आणि चढ

पूर्ण सपाट पट्टीवरून, चढाची मदत न घेता, एफ-३५ बी विमानाने शस्त्रांसह सुमारे ६०० फुटांत म्हणजे १८३ मीटरमध्ये उड्डाण करावे, अशी अपेक्षा त्याच्या आराखड्यात धरलेली होती. हा आकडा जपानच्या नौकांना लावून पाहावा. 'इझुमो' आणि तिची भगिनी नौका 'कागा' यांची लांबी २४८ मीटर आहे. धावेसाठी लागणारे अंतर सोडून मागे बऱ्यापैकी जागा उरते. त्यांच्या आधीच्या 'ह्यूगा' वर्गातील नौका १९७ मीटर लांबीच्या आहेत. तेथे मागे उरतात १४ मीटर. आणि एफ-३५ बी विमानाचीच लांबी साडेपंधरा मीटरहून अधिक आहे. जपानने लढाऊ विमानांसाठी 'इझुमो' आणि 'कागा' निवडल्या व 'ह्यूगा' आणि 'इसे' यांना हात लावला नाही, याचे कारण या वजाबाकीत पुरेसे स्पष्ट होते.

धाव कमी करण्याचा एक स्वस्त उपाय ब्रिटिश नौदलातील अधिकारी डग टेलर यांनी १९७० च्या दशकात सुचवला होता. पट्टीचे पुढचे टोक उताराच्या उलट वर वळवायचे. या चढाला स्की-जंप म्हणतात. चढावरून सुटलेले विमान फेकलेल्या चेंडूसारखे क्षणभर वरच जात राहते आणि तेवढ्या अवधीत त्याला पुरेसा वेग गाठता येतो. या चढाला एकही हलता भाग नाही, वाफ नाही, वीज नाही. उणीव एवढीच की चढावर हेलिकॉप्टर उतरत नाही. पट्टीचा पुढचा भाग त्यांच्या दृष्टीने वाया जातो. हेलिकॉप्टरे उतरवण्याच्या जागा कमी होऊ नयेत म्हणून अमेरिकी मरीन दलाच्या 'वास्प' आणि 'अमेरिका' वर्गांतील नौकांनी चढ स्वीकारला नाही. जपाननेही पट्टी सपाटच ठेवली.

'विराट'ची साक्ष

हेलिकॉप्टरवाहू नौकेवरून लढाऊ विमाने यशस्वीपणे चालवता येतात, याची भक्कम साक्ष देणारी नौका मराठी वाचकांच्या परिचयाची आहे. मुंबईच्या बंदरात तीन दशके दिसणारी 'विराट' ही मूळची ब्रिटिश नौदलाची 'हर्मिस'. १९५९ मध्ये ती नेहमीची विमानवाहू नौका म्हणून दाखल झाली. १९७१ ते १९७३ या काळात तिचे कॅटापल्ट आणि तारा काढून टाकण्यात आल्या आणि ती कमांडो सैनिक व हेलिकॉप्टरे नेणारी नौका बनली. पुढे पाणबुडीविरोधी हेलिकॉप्टरांचे काम तिच्याकडे आले. १९८० नंतरच्या डागडुजीत तिच्या पुढच्या टोकाला १२ अंशांचा चढ बसवला गेला आणि सी हॅरियर विमाने तिच्यावर आली. १९८२ च्या फॉकलंड युद्धात हीच नौका ब्रिटिश ताफ्याची ध्वजनौका होती.

१२ मे १९८७ रोजी ती 'विराट' म्हणून भारतीय नौदलात सामील झाली. गोव्यातील दाभोळी येथील 'हंसा' हा नौदलाचा तळ तिच्या सी हॅरियर विमानांचे किनाऱ्यावरील घर होते. ही विमाने मे २०१६ मध्ये निवृत्त झाली आणि ६ मार्च २०१७ रोजी मुंबईत 'विराट'वरील ध्वज उतरवण्यात आला. पूर्ण भारासह २८ हजार टनांच्या घरातील 'विराट' आणि सुमारे २६ हजार टनांची 'इझुमो' यांच्यात आकाराचे अंतर फारसे नाही. फरक आहे तो जन्माचा. 'हर्मिस' हेलिकॉप्टरे नेऊ लागली तेव्हाही तिच्या पोटात विमानवाहू नौकेचे इंधनसाठे, दारूगोळ्याच्या कोठ्या आणि जाड पोलादी पट्टी शाबूत होती. तिला तिचा जुना धंदा आठवून द्यायचा होता, इतकेच. जी नौका मुळातच हेलिकॉप्टरांसाठी बांधली, तिला हा धंदा नव्याने शिकवावा लागतो.

फॉकलंड युद्धाने या फरकाची दुसरी बाजूही दाखवली. 'अटलांटिक कन्व्हेयर' या मालवाहू जहाजावरून हॅरियर विमाने दक्षिण अटलांटिक महासागरात नेली गेली आणि तेथे जहाजावरील लहानशा जागेतून सरळ वर उडून ती विमानवाहू नौकांवर गेली. उतरण्या-उडण्यासाठी मालवाहू जहाजही पुरले! तरीही ती विमाने लढली ती त्या जहाजावरून नव्हे. ब्रिटनच्याच 'ओशन' या हेलिकॉप्टरवाहू नौकेची कथाही अशीच. १९९८ मध्ये दाखल झालेली ही नौका हॅरियर विमाने वाहून नेऊ शकत असे. पण ती चालवण्याची सोय तिच्यावर नव्हती.

पट्टीच्या खाली काय लागते?

हेलिकॉप्टर उतरताना खाली वारा सोडते. जेट विमान सोडते ती भट्टीतील झळ. एफ-३५ बी विमानाचा मुख्य झोत उतरण्याच्या शेवटच्या क्षणांत थेट पट्टीवर येतो. साधा पृष्ठलेप त्याने सुटून येतो. सुटलेला एखादा कपचा इंजिनात शिरला, तर विमान आणि वैमानिक दोघांवर संकट ओढवते. म्हणून उष्णतारोधक लेप ही पहिली गरज आहे. अमेरिकेने ऑक्टोबर २०११ मध्ये 'वास्प' नौकेवर एफ-३५ बी विमानाच्या पहिल्या सागरी चाचण्या घेतल्या, तेव्हा पट्टीवरील लेपाची परीक्षा हा त्यांतील महत्त्वाचा भाग होता. पट्टीजवळची उपकरणे, जाळ्या, तराफे, आकाशकांडे यांनाही झळ आणि झोत यांपासून संरक्षण द्यावे लागते.

त्यानंतर येते लिफ्ट. विमानाचे वजन हेलिकॉप्टरच्या दुपटीहून अधिक असू शकते. ते उचलून हँगरमध्ये नेण्याची ताकद आणि रुंदी लिफ्टमध्ये हवी. हँगरमध्ये इंजिन काढून दुरुस्त करण्याइतकी उंची आणि जागा हवी. या विमानाच्या पोटातच सुमारे सहा टन इंधन मावते. पाणबुडीविरोधी हेलिकॉप्टराच्या तुलनेत ही तहान कितीतरी मोठी आहे. दिवसाला दहा उड्डाणे करायची म्हटली, तर ६० टन इंधन झाले आणि दोन आठवड्यांत ८४० टन. ते साठवायचे कोठे, हा प्रश्न नौकेच्या आराखड्यातच सोडवावा लागतो. हेलिकॉप्टरांचे पाणतीर ठेवण्याच्या कोठीत विमानांचे बॉम्ब आणि क्षेपणास्त्रे तशीच ठेवता येत नाहीत. कोठीचे कवच, तेथून वर येणारे उद्वाहक आणि आगप्रतिबंधक व्यवस्था बदलावी लागते. धुक्यात किंवा रात्री परतणाऱ्या वैमानिकाला मार्ग दाखवणारी अचूक यंत्रणा, विमानाची संगणकीय माहिती हाताळणारे सुरक्षित कक्ष आणि तंत्रज्ञांच्या निवासाची सोय यांचीही या यादीत भर पडते.

ज्यांनी विचार सोडला

ऑस्ट्रेलियाने याच यादीपुढे हात टेकले. त्या देशाच्या 'कॅनबरा' आणि 'ॲडलेड' या नौका स्पेनच्या 'हुआन कार्लोस' नौकेच्या आराखड्यावर बांधलेल्या आहेत. स्पेनची नौका हॅरियर विमाने चालवण्यासाठीच आखलेली होती, त्यामुळे तिला चढ आहे. ऑस्ट्रेलियाने आराखडा बदलण्याचा खर्च टाळण्यासाठी चढ तसाच ठेवला. या नौकांवर एफ-३५ बी ठेवता येतील काय, याचा अभ्यास २०१४ मध्ये पंतप्रधान टोनी ॲबट यांच्या सूचनेवरून झाला. पट्टीचा लेप, इंधनसाठा, शस्त्रकोठ्या, रडार, सारेच बदलावे लागणार होते. शिवाय सैनिक आणि वाहने किनाऱ्यावर उतरवण्याचे त्यांचे मूळ कामही आक्रसले असते. २०१५ मध्ये हा विचार सोडून देण्यात आला. आज चढ आहे, विमान नाही.

तुर्कस्तानची अडचण निराळी झाली. त्याच स्पॅनिश आराखड्यावर बांधलेल्या 'अनादोलू' नौकेवर एफ-३५ बी विमाने ठेवण्याचा त्याचा बेत होता. रशियाकडून एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा घेतल्यामुळे जुलै २०१९ मध्ये अमेरिकेने त्याला एफ-३५ प्रकल्पातून बाहेर काढले. नौका एप्रिल २०२३ मध्ये सेवेत आली ती लढाऊ विमानांविना. तुर्कस्तानने मग वैमानिकरहित विमानांचा मार्ग धरला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच्याच बनावटीच्या बायराक्तार टीबी-३ विमानाने 'अनादोलू'वरून उड्डाण करून पुन्हा तिच्यावर अवतरण केले. भविष्यात हेलिकॉप्टरवाहू नौकांसाठी हाच मार्ग अधिक देशांना परवडण्याची शक्यता आहे.

जपानने काय बदलले?

जपानच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर २०१८ मध्ये 'इझुमो' आणि 'कागा' यांच्या रूपांतराला मान्यता दिली. त्याबरोबरच ४२ एफ-३५ बी विमाने घेण्याचे ठरले. काम टप्प्याटप्प्याने करण्याचा निर्णय झाला. पहिल्या टप्प्यात 'इझुमो'च्या पट्टीवर उष्णतारोधक लेप, नव्या खुणा आणि दिवे आले. 'कागा'च्या बाबतीत त्याहून पुढे जाऊन पट्टीचे निमुळते होत जाणारे पुढचे टोक काटकोनी आणि रुंद करण्यात आले. त्यामुळे धावेला रुंदी मिळते आणि टोकाशी वाऱ्याचे भोवरे कमी होतात. हे काम झाल्यावर २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ 'कागा'वर अमेरिकी एफ-३५ बी विमानांच्या चाचण्या घेण्यात आल्या. जपानची स्वतःची पहिली एफ-३५ बी विमाने ऑगस्ट २०२५ मध्ये क्यूशू बेटावरील न्यूताबारू तळावर पोहोचली. नौकांच्या अंतर्भागातील बदल हा पुढच्या टप्प्याचा भाग आहे. एवढ्या मोठ्या, वेगवान आणि नव्या नौकेलाही निर्णयापासून पूर्ण सज्जतेपर्यंत दहा वर्षांच्या आसपासचा काळ लागतो, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

मिळाले काय, गेले काय?

एवढे करून मिळते काय? अशा नौकेवर दहा-बारा विमाने मावतील, असा सर्वसाधारण अंदाज आहे. त्यांतील काही दुरुस्तीत, काही इंधन भरत असणार. चोवीस तास दोन विमाने आकाशात ठेवायची म्हटली, तरी संपूर्ण ताफा त्यात गुंतून पडतो. अमेरिकेच्या महाकाय विमानवाहू नौकेशी तिची तुलना होऊ शकत नाही.

दुसरी उणीव डोळ्यांची आहे. कॅटापल्ट नसल्याने दूरवर पाहणारे रडार-विमान अशा नौकेवरून उडू शकत नाही. ४ मे १९८२ रोजी ब्रिटिश विनाशिका 'शेफील्ड' अर्जेंटिनाच्या एक्झोसेट क्षेपणास्त्राने जायबंदी झाली, तेव्हा ताफ्याजवळ हवाई रडार नव्हते. त्यानंतर घाईघाईने हेलिकॉप्टरांवर रडार बसवण्यात आले. भारतीय नौदलाने या कामासाठी कामोव्ह-३१ हेलिकॉप्टरे घेतली. एफ-३५ बी विमानाची स्वतःची संवेदके अत्यंत समर्थ असल्याने ही उणीव काहीशी भरून निघते, पण पुरती नाही.

सर्वांत मोठी किंमत मात्र मूळ कामाची आहे. जपानकडे अशा सपाट पट्टीच्या चार नौका आहेत आणि त्यांचे पहिले कर्तव्य पाणबुड्यांचा माग काढणे हे आहे. चीनच्या पाणबुड्यांची संख्या वाढत असताना चारांपैकी दोन मोठ्या नौका विमानांकडे वळवल्या, तर त्यांच्यावरील हेलिकॉप्टरांना जागा कोण देणार? हँगरची जागा तेवढीच आहे. एक विमान आत आले की हेलिकॉप्टर बाहेर जाते. विमाने कायम नौकेवर ठेवली जाणार नाहीत, गरजेनुसारच येतील, असे जपान सरकार सांगते. त्यामागे हे तांत्रिक कारण आहे, आणि राजकीय कारणही आहे.

नावाचे राजकारण

युद्धाचा त्याग करणाऱ्या राज्यघटनेच्या चौकटीत आक्रमक विमानवाहू नौका बसत नाहीत, ही जपान सरकारची जुनी भूमिका आहे. म्हणून 'विमानवाहू' हा शब्द कटाक्षाने टाळला गेला. त्यातच 'कागा' हे नाव पर्ल हार्बरवरील हल्ल्यात सहभागी झालेल्या आणि जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत बुडालेल्या विमानवाहू नौकेचे. शेजारी देशांना त्या नावाचा विसर पडलेला नाही. नाव बदलून नौका पदरात पाडून घेण्याची युक्ती नवी नाही. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये विमानवाहू नौकांना पैसे मिळत नव्हते, तेव्हा 'इन्व्हिन्सिबल' ही नौका 'सलग पट्टीची क्रूझर' या नावाखाली मंजूर करून घेतली गेली. पाणबुडीविरोधी हेलिकॉप्टरे नेण्यासाठी आखलेली ती नौकाही अखेर सी हॅरियर घेऊन फॉकलंडला गेली.

तेव्हा हेलिकॉप्टरवाहू नौकेवरून लढाऊ विमान उडेल का, या प्रश्नाला 'होय' हे उत्तर देताना चार अटी जोडाव्या लागतात. नौका लांब आणि वेगवान हवी, पट्टी झळ सोसणारी हवी, पोटात इंधन आणि दारूगोळ्याला जागा हवी आणि विमान विकणारा देश राजी हवा. या अटी पुऱ्या झाल्यावरही एक हिशेब उरतोच. शत्रूच्या विमानांपासून ताफ्याला छत्र मिळवताना पाण्याखालून येणाऱ्या शत्रूवरची नजर किती ढळू द्यायची, याचा निर्णय नौकेचा आराखडा करणाऱ्यांना घेता येत नाही. तो त्या देशाच्या राज्यकर्त्यांनाच घ्यावा लागतो.